सहा व्होल्टांतला संधिप्रकाश

संध्याकाळी सात-साडेसातला आमच्याकडचं व्होल्टेज उतरायचं. डोंबिवली पूर्वेला चाळींच्या अधूनमधून तीन मजली इमारती उठत होत्या तेव्हाची ही गोष्ट. घरोघर एकाच वेळी दिवे लागायचे, टाकीत पाणी चढवणारे पंप सुरू व्हायचे, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटत फिरू लागायचा, आणि मधल्या खोलीत वायरला लोंबणारा साठ वॉटचा बल्ब पिवळ्याचा केशरी, केशरीचा तांबूस होत जायचा, इतका की एरवी डोळे दिपवणारी त्याच्या पोटातली तार आता वेटोळ्यांसकट निवांत बघता यायची. वहीवर पडलेली माझ्या हाताची सावली पुसट व्हायची. तसबिरींच्या काचा काळ्या पडायच्या. टीव्हीखालचा स्टॅबिलायझर टक् करून एक पायरी चढायचा, पुन्हा टक्, आणि त्याचा काटा थोडा वेळ चाचपडून एका जागी थांबायचा. स्वयंपाकघरातून आई विचारायची, "व्होल्टेज गेलं का रे?" तिचा आवाजही तेव्हा खालच्या पट्टीत लागलेला असायचा.

त्या उजेडात घर बदलायचं.

तारेच्या बल्बचं गणित मला पुष्कळ उशिरा कळलं. व्होल्टेज शंभरावरून नव्वदावर आलं, तर उजेड नव्वदावर येत नाही, जेमतेम सत्तरावर येतो. तारेचा उजेड व्होल्टेजच्या तीन-साडेतीनपट वेगाने ढासळतो आणि ढासळताना लाल होत जातो. म्हणजे वायरमनला जो दोष वाटायचा, वीज मंडळाच्या नावाने सारी चाळ ज्यासाठी बोटं मोडायची, तो दोष आमच्या डोळ्यांना मात्र रोज संध्याकाळी एक लहानसा सूर्यास्त देऊन जात होता. आता पुष्कळशा एलईडी बल्बांवर छापलेलं असतं की दीडशे व्होल्ट येवोत की अडीचशे, ते तितकेच पांढरे जळणार. घरातली संध्याकाळ आता बटण दाबल्यावर एकदम येते, आणि बटण दाबल्यावर एकदम जाते.

मी दिवे करू लागलो तो बहुधा या मधल्या हरवलेल्या वेळेसाठी.

माझे दिवे मोठे आहेत. शंभर वॉटची सीओबी चिप म्हणजे आगपेटीहून लहान अशी एक पिवळी चकती. तिच्या पोटात निळा उजेड देणारे इवलेसे स्फटिक दहा-दहाच्या रांगांनी बसवलेले असतात, आणि वरचा पिवळा लेप त्या निळ्याचा पांढरा करतो. हा निळा मिळवायला जगाला फार वाट बघावी लागली. लाल एलईडी १९६२ सालीच आला होता, निळा नीट तेजाने पेटायला १९९० चं दशक उजाडलं, आणि त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. ती चकती मी लॅमिंग्टन रोडवरून आणतो. डोंबिवलीहून फास्ट लोकल, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोडला उतरून चालत. त्या अरुंद दुकानांत काउंटरमागे छतापर्यंत लहान लहान खण असतात. दुकानदार न बघता हात घालतो आणि नेमका तोच रेझिस्टन्स चिमटीत घेऊन येतो. परतीच्या गाडीत खिशातली ती चकती बोटांना लागत राहते. अंधारात ती एक थंडगार, गुळगुळीत वस्तू असते. पण घरी टेबलावर तिच्या दोन टोकांना पुरेसा दाब दिला, की भिंतीवरच्या प्रत्येक खिळ्याला सावली फुटते.

पुरेसा म्हणजे किती, इथेच सगळी कथा आहे. सव्वीस-सत्तावीस व्होल्टपर्यंत ती चकती मुकी असते. मग तिच्यात डोळे बारीक करून बघावं लागेल असा एक पिवळसर श्वास येतो. तीसला खोली उजळते. तेहेतीसला तिच्याकडे बघवत नाही. अंधारापासून भर दुपारपर्यंतचं सगळं अंतर त्या सहा व्होल्टांत मावलेलं आहे. पहाट तिथे आहे, सांजवात लावायची वेळ तिथे आहे, पावसाळी दुपारचा राखी उजेड, मांडवातला झगमगाट, सगळं तिथेच, दाटीवाटीने. आणि ही जागाही स्थिर नाही. चकती तापली की तीच सहा व्होल्टांची पट्टी हळूच खाली सरकते. प्रत्येक अंश उष्णतेला काही हजारांश व्होल्ट, पण दहा स्फटिक एका माळेत आणि अंगावर पन्नास अंशांचा ताप म्हणजे एक-दीड व्होल्ट कुठल्या कुठे जातो. बाहेरून दिलेला दाब तसाच ठेवला तर तापलेली चकती जास्त प्रवाह ओढते, जास्त ओढते म्हणून जास्त तापते, आणि तापत तापत स्वतःलाच जाळून घेते. तिला मोजून देणारा, आणि दिल्यावरही तिच्याकडे बघत राहणारा कोणीतरी हवा असतो. त्याचं नाव रेग्युलेटर.

सोपा रेग्युलेटर जास्तीचं सगळं उष्णतेत उधळून टाकतो. माझ्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, अठ्ठेचाळीस व्होल्ट येतात, चकतीला हवेत तेहेतीस. मधले पंधरा व्होल्ट, तीन अँपिअरच्या प्रवाहाला, म्हणजे पंचेचाळीस वॉट नुसत्या पत्र्याला तापवण्यात जायचे. दुसरी पद्धत मला फार सुंदर वाटते. मॉसफेट नावाचा एक स्विच सेकंदाला साठ हजारांहून जास्त वेळा उघडतो आणि मिटतो. उघडा असतो तेव्हा अख्खे अठ्ठेचाळीस, मिटलेला असतो तेव्हा शून्य. शंभरातला साधारण सत्तर भाग वेळ उघडा राहिला की पलीकडे तेहेतीस येतात. त्या आडदांड उघडझापीचा सलग उजेड होतो तो मधल्या कॉइलमुळे.

ती कॉइल मी हाताने गुंडाळतो. जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून निघालेली, एका अंगाला पांढरा पट्टा असलेली पिवळी कडी, आणि तिच्यावर लाखेसारखा तांबूस लेप दिलेली तांब्याची तार. एकेक वेढा कडीच्या पोटातून ओढून घ्यायचा, अंगठ्याने दाबायचा, शेजारच्याला चिकटवून बसवायचा, लेपावर ओरखडा येऊ द्यायचा नाही. आतल्या बाजूला वेढे दाटीने जमतात, बाहेरच्या बाजूला पंख्याच्या पात्यांसारखे उलगडतात. मग दोन्ही टोकं ब्लेडने खरवडायची, तांबं गुलाबी चमकलं की सोल्डरिंगची तापलेली चोच टेकवायची. राळेचा गोडसर, घशाला लागणारा धूर उठतो, कथील क्षणभर दाणा होऊन थांबतं आणि एकदम पसरतं. या कडीचा स्वभाव विलक्षण आहे. प्रवाह वाहत असेल तर ती तो वाहता ठेवू पाहते, थांबला असेल तर थांबवूनच ठेवू पाहते. अचानक झालेला कुठलाच बदल तिला मान्य नाही. फॅरेडेने १८३१ च्या ऑगस्टमध्ये लोखंडी कड्यावर तारेची वेटोळी घालून जे पाहिलं, त्याचंच हे माझ्या टेबलावरचं नातवंड. मॉसफेटच्या प्रत्येक धक्क्यातलं थोडं ती स्वतःजवळ ठेवते आणि मिटलेल्या क्षणात परत देते.

आणि मग ते बघत राहणं. चकतीच्या वाटेवर एक नगण्य रेझिस्टन्स बसवलेला असतो, ओहमचा दहावा भाग. त्यावरून तीन अँपिअर गेले तर व्होल्टचे तीन दशांश उमटतात. मायक्रोकंट्रोलर ते वाचतो, मी सांगितलेल्या आकड्याशी ताडून बघतो, कमी असेल तर मॉसफेटला किंचित जास्त वेळ उघडा ठेवतो, जास्त असेल तर किंचित कमी. पुन्हा वाचतो. पुन्हा ताडतो. सकाळी आठ-बाराच्या लोकलमध्ये कशालाही न धरता पेपर वाचत उभा असलेला माणूस दिवा स्टेशनच्या वळणावर, पारसिक बोगद्याच्या तोंडाशी गुडघ्यातून आणि तळव्यांतून स्वतःला सावरत असतो, आणि त्याचं त्यालाही ते ठाऊक नसतं. तसं हे सावरणं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं तो नुसता उभा आहे.

किती सावरायचं हे ठरवताना मात्र माणसाला बसावं लागतं. आकडा मोठा टाकला की रेग्युलेटर उतावीळ होतो. जरा कमी दिसलं की भरमसाठ देतो, जास्त झालं म्हणून सगळं काढून घेतो, आणि उजेड थरथरू लागतो, कॉइलमधून डासासारखी बारीक शिट्टी येते. आकडा फार लहान टाकला तर तो सुस्तावतो, चकती तापून जाते आणि याला नंतर कळतं. या दोहोंच्या मधे कुठेतरी एक जागा असते, जिथे चूक दिसली तरी ती एका दमात पुसायची नाही, थोडी पुसायची, पुन्हा बघायचं, उरलेली पुढच्या वेळी. ती जागा सापडली की शिट्टी थांबते. भिंतीवरचा उजेड असा उभा राहतो, जसा कोणी हातात धरला आहे.

माझ्या लहानपणी शेजारी एक काका होते, ठाकुर्लीच्या पॉवर हाउसमध्ये नोकरीला. चोळ्याचं पॉवर हाउस म्हणायचे त्याला. जीआयपी रेल्वेने १९२९ च्या सुमारास घाटातल्या विजेच्या गाड्यांसाठी ते उभं केलं. कोळसा जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन, आणि तिथली वीज खंडाळ्याच्या चढावर इंजिनांना मिळायची. कल्याण आणि डोंबिवलीच्या मधल्या त्या धुरांड्यांकडे बघत आम्ही मोठे झालो. काका सांगायचे, कुठेतरी एखादी गाडी चढाला लागली की मशीन जड व्हायचं, आवाज भरून यायचा, आणि कोणी हात लावण्याआधीच गव्हर्नर वाफ वाढवायचा. हाताचे पंजे गोल फिरवून ते दाखवायचे. पुढे मी पुस्तकात चित्र पाहिलं. फिरत्या दांडीला लटकलेले दोन लोखंडी गोळे, वेग वाढला की ते दूर फाकतात आणि वाफ रोखतात, वेग पडला की जवळ येतात आणि वाफ सोडतात. जेम्स वॉटने १७८८ साली ते आपल्या वाफेच्या इंजिनाला लावलं. माझ्या टेबलावरच्या चिपमध्ये गोळे नाहीत, पण कानोसा तोच आहे. यंत्राने स्वतःकडे लक्ष द्यावं, ही कल्पना मला माणसाच्या फार थोर कल्पनांपैकी एक वाटते.

पॉवर हाउस केव्हाच बंद झालं. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरची १,५०० व्होल्टची डीसी वीजही २०१५ च्या जूनमध्ये पुरती गेली आणि तारेत २५,००० व्होल्टची एसी आली. पण कानोसा घेणं थांबलेलं नाही. ऐरोलीला राज्याचं भार प्रेषण केंद्र आहे, तिथे रात्रंदिवस माणसं पन्नास हर्ट्झ या एका आकड्याकडे बघत बसलेली असतात. महाराष्ट्रभर कोणी गिझर लावला, कोणी मोटार चालू केली की तो पन्नासाचा आकडा दशांशाच्या पुढे जरासा हलतो आणि कुठल्यातरी धरणावर, कुठल्यातरी औष्णिक केंद्रात कोणीतरी थोडं सावरून घेतं. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा वाहिन्यांच्या बिघाडाने हे सावरणं सुटलं, मुंबई-ठाण्याचे पंखे गरगरत थांबले, लोकल रुळांवर जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी गॅलरीत आलो. समोरच्या प्रत्येक गॅलरीत माणूस होता. एवढी शांतता आमच्या गल्लीत ऐकूच येत नाही कधी; आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा जाणवलं की एरवी कोणीतरी केवढं धरून ठेवलेलं असतं.

माझे दिवे जातात ते आमच्या भागातल्या हौशी नाटकवाल्या मुलांकडे. एकांकिका स्पर्धांचे दिवस आले की ही मुलं कोणाच्या तरी सोसायटीच्या हॉलमध्ये तालमी करतात. ठाण्याला मासुंदा तलावाच्या काठी गडकरी रंगायतन १९७८ साली उभं राहिलं, कल्याणला अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर. पण तिथला रंगमंच मिळतो प्रयोगापुरता, आणि उजेडाची तालीम करायला नाट्यगृह भाड्याने घेणं कोणाला परवडतं? म्हणून प्रकाशयोजना बहुतेक वेळा कागदावरच राहते. "इथे संध्याकाळ आहे असं समज," दिग्दर्शक सांगतो, आणि पांढऱ्या ट्यूबलाइटखाली ती मुलगी संध्याकाळ समजून बोलते.

जुन्या नाटकमंडळींकडे मिठाच्या पाण्याचे डिमर असायचे. भांड्यात खारं पाणी, त्यात दोन पत्रे. एक पत्रा खाली सोडत गेलं की दिवे उजळणार, वर ओढला की मंदावणार. पाणी तापायचं, कधी उकळायचं. विंगेत त्या वाफाळत्या, जीवघेण्या भांड्याशी उकिडवा बसलेला माणूस, एका हाताने दोरी धरून, कान नटाच्या वाक्याकडे लावून संध्याकाळ उतरवत असायचा. नंतर थायरिस्टरचे डिमर आले, विजेच्या लाटांचे सेकंदाला शंभर तुकडे कापून उजेड कमी करणारे. मला अजून त्या दोरीवाल्या माणसाबद्दल आदर वाटतो. त्याच्याकडे आकडे नव्हते. वाक्याचा शेवट कुठे आहे, एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि त्याची दोरी तिथे अचूक पोचायची.

मला मात्र आकडेच लागतात, म्हणून मी ते शोधायला मोठागावच्या खाडीवर जाऊन बसलो. नखाएवढा एक सेन्सर, त्याला जोडलेला मोबाइल, आणि समोर भरती. मुंब्र्याच्या डोंगराकडे सूर्य कलला, पाण्यावर तांब्याचा पत्रा पसरला, रेतीबंदरावरच्या होड्या काळ्या झाल्या. सूर्य टेकला तेव्हा सेन्सर चारशे लक्सच्या आसपास सांगत होता. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश लवकर आटोपतो, बावीस-चोवीस मिनिटांत. तेवढ्या वेळात उजेड शंभरपट कमी झाला, आकडा तिनावर येऊन टेकला, आणि माझ्या डोळ्यांनी मात्र साऱ्या वेळात एवढंच म्हटलं की जरा अंधारलं. फेखनरने १८६० साली लिहून ठेवलं होतं की आपल्या संवेदना गुणाकारांची बेरीज करतात. शंभराचे पन्नास झाले काय आणि दोनाचा एक झाला काय, डोळ्याला ते एकच पाऊल. पुस्तकात हे वाक्य कोरडं वाटलं होतं. खाडीवर बसून ते माझ्या अंगावर उतरलं, हळूहळू, हातातल्या आकड्यांसकट.

तेव्हा संध्याकाळचा, म्हणजे कुठल्या क्षणी किती उजेड याचा, तक्ता करायचा तर वरच्या ओळी भराभर उतराव्या लागतात आणि खालच्या ओळी मुंगीच्या पावलांनी. उजेड भरपूर असताना चार पायऱ्या गाळल्या तरी कोणाला कळत नाही. पण शेवटी, जिथे चकती जेमतेम जागी आहे, तिथे एक पायरी चुकली तर अख्खं सभागृह दचकतं. शंभर वॉटचा दिवा करताना माझं सगळं कष्टाचं काम शेवटच्या एका वॉटात आहे. आणखी एक गोष्ट खाडीने शिकवली. एलईडी मंद होतो, पण तांबूस होत नाही. पांढरा असेल तर पांढराच राहून विझतो, आणि नटाच्या गालांवरचं रक्त घेऊन जातो. म्हणून प्रत्येक दिव्यात दोन चकत्या बसवल्या, एक थंड पांढरी आणि एक पिवळसर, दोघींना आपापला रेग्युलेटर. पांढरी आधी निघून जाते. पिवळी मागे रेंगाळते. अगदी चाळीतल्या त्या बल्बसारखी, पण आता गिरणी आणि पंप माझ्या हातात आहेत.

परवा हॉलमध्ये तो तक्ता पहिल्यांदा लावला. ट्यूबलाइट बंद केल्या, खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या. एकांकिकेत म्हातारी सासू दारात बसून मुलाच्या गाडीची वाट बघते आणि सुनेशी बोलता बोलता गप्प होते, असा प्रवेश. सासू झालेली मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उजेड उतरू लागला. पहिलं एखादं मिनिट तिने पाठ केल्यासारखी वाक्यं म्हटली. मग थंड चकती विझत आली, पिवळा उजेड तिच्या खांद्यावरून गुडघ्यावर घसरला, आणि तिचा आवाज कोणी न सांगता खालच्या पट्टीत गेला. तिने पदर सारखा केला. ते दिग्दर्शकाने सांगितलेलं नव्हतं. दारात बसलेल्या बाया दिवेलागणीला पदर सारखा करतात, हे तिच्या हाताला कुठून आठवलं कोण जाणे.

प्रवेश संपल्यावर ती तशीच दारात बसून म्हणाली, "काका, शेवटचं आहे ना, ते जरा अजून ठेवता येईल? मला अजून वाट बघायची होती."

"किती अजून?"

"माहीत नाही. गाडी येणार नाही हे कळेपर्यंत."

मी लॅपटॉप उघडला. खालच्या बारा ओळींच्या चाळीस केल्या, प्रत्येकीला थोडा वेळ वाढवून दिला. एवढा वेळ चकती मंद राहिली म्हणजे ती थंडावणार, पट्टी पुन्हा वर सरकणार, आणि मग तळाच्या ओळींतला प्रवाह हातातून निसटेल. तेव्हा तिच्या पाठीला एक थर्मिस्टर चिकटवून तिचा ताप सतत वाचत राहायला हवा. स्पर्धा डिसेंबरात, पण तालमी ऑक्टोबरच्या उकाड्यात, त्यामुळे दोन्ही हवामानांत तेच आकडे धरून चालणार नाही. थर्मिस्टर घरात नव्हते. शनिवारी लॅमिंग्टन रोड उघडा असतो. मुलांना सांगितलं, रविवारी परत लावू, तोवर सतरंज्या काढू नका.